चालण्याच्या जोडीला बळही हवे

मोठ्या शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतही आता पहाटेची मैदाने ज्येष्ठांनी फुललेली दिसतात. चार-पाच फेऱ्या, कट्ट्यावर विसावा, थोडा प्राणायाम आणि भरपूर गप्पा असा हा नित्यक्रम असतो. मुंबईत १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच जणांना घेऊन सुरू केलेला हास्यक्लब तर पाहता पाहता जगभर पोहोचला. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांत व्याख्याने, सहली, आरोग्य तपासणी शिबिरे यांची रेलचेल असते. या साऱ्यात एक गोष्ट मात्र सहसा राहून जाते, ती म्हणजे पायांचे बळ आणि शरीराचा तोल टिकवणारा व्यायाम.

वयाच्या तिशीनंतर स्नायूंची झीज दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के या गतीने होते आणि साठीनंतर ती वाढते. सुरुवातीला ती जाणवत नाही. मग एके दिवशी खाली मांडी घालून बसल्यावर उठताना आधार शोधावा लागतो, एस.टी.ची पायरी उंच वाटू लागते. खरा धोका याच्या पुढचा आहे. ठेच लागल्यावर झटकन पाऊल पुढे टाकून स्वतःला सावरायला मांडीत ताकद लागते. ती नसली की माणूस कोसळतो. ६५ वर्षांवरील दर तीन व्यक्तींपैकी जवळजवळ एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. खुब्याचे हाड मोडले तर अनेकांचे हिंडणे-फिरणे पूर्ववत होत नाही. हाड शाबूत राहिले तरी पडण्याची धास्ती बसते, बाहेर जाणे कमी होते आणि स्नायू आणखी दुबळे होतात.

चालणे हृदयाला आणि मधुमेहाला उपकारक आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु सपाट रस्त्यावरच्या संथ फेऱ्यांनी मांडीच्या स्नायूंवर पुरेसा भार पडत नाही. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तोल आणि दैनंदिन हालचालींचा सराव देणाऱ्या व्यायामांचा पुरावा त्यात भक्कम ठरला. नुसत्या चालण्याबाबत तसे खात्रीने म्हणता आले नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम श्रमाबरोबरच दोन दिवस स्नायूबळाचा आणि तीन दिवस तोल व बळ यांचा मिळून व्यायाम सुचवला आहे.

‘या वयात कसली ताकद वाढणार?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. त्याचे उत्तर १९९० सालीच मिळाले आहे. अमेरिकेतील बोस्टन येथील एका वृद्धसेवा केंद्रात ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा जणांनी आठ आठवडे वजनांचा व्यायाम सुरू केला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या मांडीच्या स्नायूंचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. दोघांची तर काठी सुटली!

यासाठी व्यायामशाळा लागत नाही, हे जपानने दाखवून दिले. तेथील कोची शहराच्या (केरळातील नव्हे) पालिकेने २००२ साली ज्येष्ठांसाठी ‘शंभरीचा व्यायाम’ आखला. मनगटाला आणि घोट्याला वजनाचे पट्टे बांधायचे, खुर्चीवर बसून संथ लयीत हात-पाय उचलायचे. वजन थोडे थोडे करून जास्तीत जास्त २.२ किलोपर्यंत वाढवता येते. आठवड्यातून एकदा-दोनदा, घराजवळच्या सभागृहात शेजारीपाजारी जमतात. पुढे हा उपक्रम जपानभर पसरला. ठरल्या वेळी कोणीतरी आपली वाट पाहत आहे, ही जाणीव घरातल्या एकट्याच्या संकल्पापेक्षा बळकट ठरते.

आपल्याकडील संघांजवळ व्याख्यानांच्या खुर्च्या आहेतच. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, पाठ धरून टाचा उचलणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल टेकवत सरळ रेषेत चालणे, एवढ्यावर आरंभ करता येतो. खुर्ची चाकांची नसावी आणि भिंतीला टेकवलेली असावी. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा वारंवार चक्कर येत असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला हवा आणि पहिले काही वर्ग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्हावेत. आणखी एक पथ्य वेळेचे आहे. पहाटेच्या उपक्रमांत आजोबाच अधिक दिसतात, कारण त्या वेळी आजी स्वयंपाकघरात असतात. वास्तविक पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ होण्याचा धोका त्यांनाच जास्त. तेव्हा वर्ग दुपारी चारला ठेवलेला बरा. पहिल्या दिवशी प्रत्येकाने तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते ते मोजून वहीत लिहावे आणि तीन महिन्यांनी तीच मोजणी पुन्हा करावी.