साप म्हणून भुई धोपटू नका

आपल्या लांज्याकडे दिवेलागण झाली की सापाचे नाव कोणी घेत नाही. ‘जनावर’ म्हणतात. नाव घेतले तर तो येतो, असा समज. लहानपणी आम्हीही जनावरच म्हणत होतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या रात्रीच्या वर्गाला बायका येईनात. विचारले तर म्हणाल्या, “गुरुजी, पाणंदीत जनावर पडलंय.” आम्ही बॅटरी घेऊन गेलो. खरेच, वाटेत वेटोळे दिसले! आमचे पाय जागीच थिजले. खोटे कशाला सांगा? धीर धरून लांबूनच नीट झोत टाकला. पाहतो तो जुने सुंभ! त्या सुंभाने चार दिवस वर्ग बंद पाडला होता.

पण मंडळी, दर वेळी सुंभच असेल असे नाही. म्हणून माहिती हवी.

आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. आपल्या कातळावर, दगडांखाली फुरसे फार. ते लहानसे, मातकट रंगाचे असते. डिवचले की अंगाला अंग घासून करकर आवाज करते. धामण आणि दिवड यांना विष नसते. धामण तर उंदीर खाऊन आपले भात राखते. तिला मारणे म्हणजे आपलेच नुकसान.

तुम्ही म्हणाल, “मग मांत्रिकाकडे गेलेली माणसं बरी कशी होतात?” ऐका. पुष्कळ साप बिनविषारी असतात. विषारी सापही कधी कधी चावतो, पण विष सोडत नाही. असा माणूस आपोआप बरा होतो आणि नाव मांत्रिकाचे होते. खरे विष भिनलेला माणूस मात्र तिथेच वेळ घालवून दगावतो. म्हणूनच महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला. साप चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा आता गुन्हा आहे.

साप चावला तर काय करावे? धावू नये. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा. अंगठी, बांगड्या, पैंजण काढावेत. दोरी आवळू नये, जखम कापू नये, चोखू नये. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी आणि सरकारी दवाखाना गाठावा. डॉक्टर थोडे रक्त काचेच्या नळीत २० मिनिटे ठेवतात. ते गोठले नाही, तर विष रक्तात गेले असे समजतात. मग विषावरचे इंजेक्शन देतात. घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तातून हे औषध काढतात. या चारही सापांवर ते चालते.

रात्री बाहेर पडताना बॅटरी, काठी आणि पायात चप्पल-बूट असावेत. काठी आपटत चालावे. जमिनीवर निजू नये, मच्छरदाणी लावावी. सरपणात हात घालण्याआधी बघावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात ही चार नावे पाटीवर लिहायला सांगितली. एक मावशी म्हणाल्या, “रात्रीचं नाव कसं लिहू, गुरुजी?” आम्ही म्हटले, “लिहा तर खरं!” त्यांनी हळूहळू ‘फुरसं’ लिहिले, मोठ्याने वाचले आणि स्वतःच हसल्या. त्या रात्री बॅटरी घेऊन पाणंदीत सर्वांच्या पुढे त्याच होत्या.

भिऊन घरात बसू नये. नीट पाहावे, नाव घ्यावे, आणि सावधपणे चालू लागावे.