उशिरा आलेला बहर

३१ मार्च २०१८, सॅन अँटोनिओ. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय उपांत्य सामन्यात मिशिगन विद्यापीठ मध्यंतराला शिकागोच्या लॉयोला विद्यापीठाच्या मागे होतं. तिथून सामना ओढून काढला तो बर्लिनच्या मॉरित्झ वाग्नरने. २४ गुण आणि १५ रिबाउंड. राष्ट्रीय उपांत्य फेरीत किमान २० गुण आणि १५ रिबाउंड अशी कामगिरी त्याआधीच्या चाळीस वर्षांत लॅरी बर्ड आणि हकीम ओलाजुवान या दोघांच्याच नावावर होती. मिशिगनने सामना ६९–५७ असा जिंकला.

हाच मुलगा दोन वर्षांपूर्वी बहुतेक वेळ बाकावर बसून असायचा. २०१५ च्या शरदात तो आल्बा बर्लिन क्लब सोडून मिशिगन विद्यापीठाच्या गावी, अॅन आर्बरला आला, तेव्हा उंच होता पण अंगाने अगदीच किरकोळ. पहिल्या वर्षी त्याला सामन्यामागे नऊ मिनिटंही खेळायला मिळाली नाहीत आणि गुणांची सरासरी राहिली २.९. दुसऱ्या वर्षी ती १२.१ झाली, तिसऱ्या वर्षी १४.६.

जर्मनीच्या बास्केटबॉलकडे मागे वळून पाहिलं की हा आलेख पुन्हा पुन्हा दिसतो. विशी गाठेपर्यंत ज्याची फारशी दखल कुणी घेतली नाही, असा खेळाडू कॉलेजच्या दुसऱ्या, तिसऱ्या, कधी चौथ्या वर्षी एकदम उसळी घेतो. आपल्याकडे एकोणिसाव्या वर्षी निवड झाली नाही की घरचे आणि मैदानावरचे दोघंही ‘आता अभ्यासाचं बघ’ म्हणतात. त्यामुळे मराठी वाचकाला ही जर्मन मालिका जवळून पाहण्यासारखी आहे.

मालिकेची सुरुवात सिअॅटलमध्ये होते. लेव्हरकूझनचा डेटलेफ श्रेम्फ वॉशिंग्टन राज्यातल्या सेंट्रेलिया या लहान गावात शाळेच्या देवाणघेवाणीत शिकायला आला आणि १९८१ मध्ये सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात दाखल झाला. पहिल्या मोसमात त्याची सरासरी होती ३.३ गुण. दुसऱ्या मोसमात १०.६, तिसऱ्यात १६.८. दोन मीटरहून जास्त उंची असलेल्या मुलाने बास्केटखाली उभं राहावं, धक्के खावेत आणि चेंडू गोळा करावा, अशी त्या काळची रीत. श्रेम्फ मात्र चेंडू टप्पे देत पुढे न्यायचा, पास द्यायचा, लांबून नेम धरायचा. अशा खेळाडूला नेमकं कुठे उभं करायचं हे प्रशिक्षकाला उमगायलाही वेळ लागतो, आणि त्याला तो वेळ मिळाला. १९८५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगच्या वार्षिक खेळाडू-निवडीत, डॅलसने त्याला आठव्या क्रमांकावर घेतलं. त्याच संघाने सतराव्या क्रमांकावर म्युनिकचा ऊवे ब्लाब उचलला. इंडियाना विद्यापीठात बॉबी नाइट यांच्या कडक शिस्तीत तो चार वर्षं घडला होता.

श्रेम्फचा बहर तिथेही थांबला नाही. डॅलसमधली पहिली वर्षं राखीव खेळाडू म्हणून गेली. इंडियानाच्या एनबीए संघात गेल्यावर १९९१ आणि १९९२ अशी सलग दोन वर्षं तो एनबीएचा सर्वोत्तम राखीव खेळाडू ठरला, आणि ऑल-स्टार सामन्यात पहिल्यांदा उतरला तो १९९३ मध्ये, तिशीला पोचल्यावर.

त्याच्यापाठोपाठ त्याच विद्यापीठात आला डेल्मेनहोर्स्टचा क्रिस्टियान वेल्प. चार वर्षांत त्याने २,०७३ गुण केले आणि तिथल्या पुरुष संघाचा गुणांचा विक्रम आपल्या नावावर करूनच बाहेर पडला. एनबीएत मात्र त्याची कारकीर्द फार लांबली नाही. अमेरिकेच्या मापाने वेल्पची गोष्ट तिथेच संपली असती.

पण जर्मनीने ती संपू दिली नाही. ४ जुलै १९९३, म्युनिकचा ऑलिंपियाहाले. युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना, समोर रशिया. श्रेम्फ जर्मन संघात नव्हता आणि प्रशिक्षक स्वेतिस्लाव पेशिच यांच्या या संघाला स्पर्धेआधी कुणी दावेदार मानलं नव्हतं. शेवटचे काही सेकंद उरले असताना वेल्पने बास्केट केली, तीही फाउल झेलत, आणि मिळालेला फ्री थ्रोसुद्धा आत टाकला. जर्मनी ७१, रशिया ७०. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही वेल्पच. तेव्हा तो २९ वर्षांचा होता. २०१५ मध्ये त्याचं अकाली निधन झालं. जर्मन बास्केटबॉलवर लिहिताना पानंच्या पानं नोविट्झकीवर खर्ची पडतात, ते योग्यच आहे. पण त्यात वेल्पच्या वाट्याला दोन-चार ओळीच येतात याची खंत वाटते.

डिर्क नोविट्झकी स्वतः कॉलेजला गेलाच नाही. व्युर्ट्सबुर्गहून तो १९९८ मध्ये थेट डॅलसला पोचला. त्याच्या यशानंतर जर्मनीत बरीच वर्षं अशीच समजूत होती की गुणी मुलगा विशीच्या आतच ओळखू यायला हवा. २००६ मध्ये १९ वर्षांखालच्या मुलांसाठी स्वतंत्र लीग सुरू झाली, पुढे १६ वर्षांखालच्यांचीही आली. चाळणी बारीक झाली आणि तिचा फायदाही झाला. तरी चाळणीतून निसटणारे होतेच.

माओडो लो त्यांतला एक. बर्लिनचा, प्रसिद्ध चित्रकार एल्विरा बाख यांचा मुलगा, वडील सेनेगलचे. मोठ्या नावाच्या बास्केटबॉल विद्यापीठांनी त्याच्या मागे धावावं अशी त्याची कीर्ती नव्हती. तो गेला न्यूयॉर्कच्या कोलंबियाला, जिथे खेळासाठी शिष्यवृत्तीच दिली जात नाही आणि परीक्षा चुकत नाही. तिथे वर्षागणिक त्याच्या हाती संघाचा चेंडू जास्त येऊ लागला. डिसेंबर २०१४ मध्ये कोलंबियाने बलाढ्य केंटकीच्या घरच्या मैदानावर ११–० अशी सुरुवात केली. शेवटी ५६–४६ असा सामना गमावला, पण त्या मोसमात केंटकी पहिले ३८ सामने अपराजित राहिली हे लक्षात घेतलं की त्या अकरा गुणांची किंमत कळते. चौथ्या वर्षी, २०१६ मध्ये, लोच्या संघाने मोसमाअखेरची एक राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पदवी घेऊन तो जर्मनीत, बांबेर्गच्या क्लबात परतला आणि पुढे बायर्न म्युनिक, आल्बा बर्लिन, मिलान असा युरोपच्या वरच्या थरात खेळत राहिला.

म्युनिकच्या दा सिल्वा बंधूंची गोष्ट याच वळणाची. थोरला ओस्कार स्टॅनफर्डमध्ये चार वर्षं राहिला आणि अखेरच्या मोसमात १८.८ गुणांच्या सरासरीने आपल्या परिषदेच्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटाच्या, सर्वोत्तम संघात निवडला गेला. तरीही २०२१ च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव पुकारलं गेलं नाही. त्याने युरोप गाठला आणि वर्षभरात बार्सिलोनाने त्याला बोलावलं. धाकटा त्रिस्तान कोलोराडो विद्यापीठात पहिल्या वर्षी सामन्यामागे जेमतेम दोन-अडीच गुण करत होता. चौथ्या वर्षी सरासरी होती १६, आणि २०२४ मध्ये ऑरलँडोने त्याला अठराव्या क्रमांकावर निवडलं. तिथे मॉरित्झ आणि त्याचा धाकटा भाऊ फ्रान्झ आधीच होते. एका एनबीए संघात तीन जर्मन, आणि तिघंही अमेरिकी कॉलेजांतून आलेले.

या मुलांमध्ये नेमकं काय बदलतं? मॉरित्झचं उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. व्यायामशाळेत त्याचं अंग भरलं, हा पाया. प्रशिक्षक जॉन बाइलाइन यांच्या पद्धतीत उंच खेळाडूने तीन गुणांच्या रेषेबाहेरूनही नेम साधायचा असतो, आणि तिसऱ्या वर्षी मॉरित्झचे त्या अंतरावरचे शंभरातले ३९ फटके आत जात होते. रिबाउंड ही त्याची दुखरी जागा होती. दुसऱ्या वर्षी चारच्या आसपास असलेली सरासरी तिसऱ्या वर्षी सातवर गेली. सगळ्यांत मोलाचा ठरला २०१७ चा त्याचा निर्णय. त्या वसंतात त्याने ड्राफ्टसाठी नाव दिलं, एनबीए संघांसमोर चाचण्या दिल्या, मग नाव मागे घेऊन आणखी एक वर्ष कॉलेजला परत आला. सॅन अँटोनिओची ती रात्र त्या जास्तीच्या वर्षातली. दोन दिवसांनी अंतिम सामन्यात व्हिलानोव्हाने मिशिगनला हरवलं, आणि जूनमध्ये लेकर्सने त्याला पंचविसाव्या क्रमांकावर घेतलं.

उशिरा फुलण्यासाठी अमेरिकाच गाठावी लागते असं मात्र नाही. हालेचा आंद्रेआस ओब्स्ट कॉलेजला न जाता गीसेन, एर्फुर्ट, स्पेन, उल्म असा क्लबामागून क्लब फिरला. २०२३ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत जर्मनीने अमेरिकेला ११३–१११ असं हरवलं, तेव्हा २७ वर्षांच्या ओब्स्टने २४ गुण केले. १० सप्टेंबरला मनिलात सर्बियाला ८३–७७ असं नमवून जर्मनीने विश्वचषक उचलला. लो आणि मॉरित्झ त्या संघात होते. दोन वर्षांनी रिगात तुर्कस्तानला ८८–८३ असं हरवून जर्मनी पुन्हा युरोपचा विजेता झाला. त्या संघात त्रिस्तान होता.

दरम्यान कॉलेजचं जग पालटलं. २०२१ पासून अमेरिकी विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करता येते आणि २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ लागली आहेत. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणंही सोपं झालं आहे. पूर्वी वर्षभर बाकावर बसलेला मुलगा पुढच्या वर्षी त्याच प्रशिक्षकाकडे परतायचा. आज तो वसंतातच दुसरीकडे निघून जाऊ शकतो. पहिल्या वर्षी २.९ गुण करणाऱ्यावर तीन वर्षं मेहनत घ्यायला आता कोण थांबेल, ही काळजी खरी आहे. जर्मन क्लबांची चिंता वेगळी आहे. त्यांनी घडवलेली मुलं पैशाच्या ओढीने अठरा-एकोणिसाव्या वर्षीच समुद्र ओलांडतात.

२०२५ च्या उन्हाळ्यात १९ वर्षांखालच्या विश्वचषकात जर्मनीने रौप्यपदक मिळवलं. त्यानंतर बायर्न म्युनिकचा इव्हान खार्चेन्कोव्ह अॅरिझोनाला गेला. व्युर्ट्सबुर्गचा हानेस श्टाइनबाख गेला वॉशिंग्टन विद्यापीठात, म्हणजे सिअॅटललाच. जर्मनीच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमधला मोठ्या माणसांविरुद्धचा अनुभव त्याच्या गाठीशी होता, आणि त्याला बाकावर बसवण्यासाठी कुणी बोलावलं नव्हतं. श्रेम्फने पहिल्या वर्षी ३.३ गुणांवर काढलेला तो मोसम याच विद्यापीठातला.