दीड वर्षांची यजमानीण

रायपूरच्या जुन्या वस्तीतील ब्राह्मणपारा हा एक परिचित भाग. छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे आळी. या शहराशी मराठीचे नाते जुने आहे. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत १७४१ मध्ये छत्तीसगढात आले आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून या प्रदेशाचा कारभार पाहिला. पुढे १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात होते. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला व रायपूर मध्य प्रदेशात राहिले. १ नोव्हेंबर २००० रोजी ते छत्तीसगढची राजधानी झाले. सीमा बदलल्या, सोयरिकी मात्र कायम राहिल्या. म्हणूनच आजही नागपूरहून येणाऱ्या गाडीतून एखादी आजी डिंकाच्या लाडवांचा डबा सांभाळत रायपूर स्थानकावर उतरते.

ब्राह्मणपाऱ्यातील असेच एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरात दीड वर्षांची नात आहे. दर रविवारी मोबाइलच्या पडद्यावर ती आजीला पाहून हसते, टाळ्या वाजवते. प्रत्यक्षात मात्र आजीने उंबरठ्यावरूनच हात पसरताच ती आईच्या मागे दडते आणि भोकाड पसरते. आजीचा चेहरा उतरतो. आई ओशाळून म्हणते, ‘‘अगं, आपली आजी ना ती! जा, पापी दे.’’ रडणे अधिकच वाढते.

येथे दोष कोणाचाच नसतो. साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास बालकाला ओळखीचे आणि अनोळखी यांतील भेद स्पष्ट कळू लागतो. त्यातून उपजणारी भीती पुष्कळदा दुसऱ्या वर्षातही टिकते. ती उद्धटपणाची नव्हे, तर आईवडिलांशी घट्ट नाते जुळल्याची खूण आहे. पडद्यावरील आजी तळहाताएवढी असते. तिला गंध नसतो, स्पर्श नसतो. दारात उभी राहिलेली आजी बालकाच्या दृष्टीने नवीच व्यक्ती असते.

ओळखीला अवधी हवा

जाणती आजी अशा वेळी आग्रह धरीत नाही. ती स्वयंपाकघरात बैठक मारून मटार सोलू लागते. नातीकडे पाहत नाही, हाकही मारीत नाही. दुसऱ्या दिवशी नात आपणहून जवळ येते, एक शेंग उचलते, पुन्हा पळून जाते. तिसऱ्या दिवशी ती आजीच्या मांडीवर बसून चिऊ-काऊचे घास खात असते. घरच्यांनी एवढेच करावे, की मुलाला परक्या हातांत बळेच देऊ नये आणि ‘‘तुला आजी आवडत नाही का?’’ असे विचारून दोघींनाही अवघडून टाकू नये.

मतभेदाचे प्रसंगही येतातच. अख्खे शेंगदाणे वा फुटाणे एवढ्या लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात, हे सुनेने आदराने सांगावे आणि आजीने ते मनाला लावून घेऊ नये. उलट मूल झोपविण्याची आजीची हातोटी तरुण आईने अवश्य शिकून घ्यावी.

पानी आणि पाणी

या घरातील मूल ‘पानी’ मागते, नको असेल तर ‘नहीं’ म्हणते. शेजारीण त्याला लाडाने ‘नोनी’ म्हणते. त्यात आजीच्या ‘पाणी’ आणि ‘नको’ची भर पडली, तर मूल गोंधळेल, उशिरा बोलेल, अशी चिंता अनेक आईवडिलांना वाटते. ती निराधार आहे. दोन भाषांच्या सहवासाने मुलाच्या बोलण्याला बाधा येत नाही. अशा मुलाचे शब्द मोजताना सर्व भाषांतील शब्द एकत्र मोजावेत. सरमिसळ ही वाटेवरची स्वाभाविक पायरी होय. मातृभाषा मराठी असलेले माधवराव सप्रे (१८७१–१९२६) हिंदी पत्रकारितेचे एक आधारस्तंभ ठरले आणि त्यांनीच ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. त्यांची कर्मभूमी हेच रायपूर.

मात्र घरात मराठी टिकते ती बोलणारे माणूस असले तरच. हिंदी फारशी न बोलणारी आजी त्या दृष्टीने एक वरदानच आहे. तिच्याशी संवाद साधायचा, तर मराठी शब्द शोधावाच लागतो. आवर्ती ठेवीत दरमहा भरलेली लहानशी रक्कम जशी नकळत वाढते, तसेच या शब्दांचे आहे. नियमितता महत्त्वाची. आजी परतल्यावर रविवारच्या संभाषणात तीच गोष्ट, तेच खेळ चालू ठेवले, तर पुढील भेटीत ओळखीची सुरुवात पहिल्यापासून करावी लागत नाही.

पंधरा दिवसांनी आजी जाण्यास निघते. दारात आईच्या कडेवरची नात तिच्या पदराचे टोक सोडीत नाही. ‘‘आजी, नको,’’ ती म्हणते. दोन शब्द जोडून उच्चारलेले ते तिचे पहिले मराठी वाक्य असते. पंधरा दिवसांपूर्वी याच दारात ती आजीला पाहून रडली होती. आज ती आजी जाते म्हणून रडते.