डिकेटर : अटलांटाहून जुनं उपनगर
शहराच्या वेशीवर – लेखांक 6

मागच्या लेखांकात आपण अटलांटाच्या उत्तरेकडची अल्फारेटा आणि जॉन्स क्रीक ही उपनगरं पाहिली. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या मराठी आईवडिलांना ती चांगली परिचयाची असतात. मोठं घर, मागे गर्द झाडी, नावाजलेल्या शाळा, आणि गाडी चालवता येत नसेल तर दिवसभर घरातच. कोपऱ्यावर वाणी नाही, बसचा थांबा नाही, संध्याकाळी चालायला निघालं तर वाटेत माणूस भेटत नाही. तिथली शांतता पहिल्या आठवड्यात सुखावते आणि तिसऱ्या आठवड्यात अंगावर येते.

डिकेटरही शांत आहे, पण तिथे माणसं पायी हिंडतात. आजी-आजोबा बाकावर बसलेले दिसतात, शाळा सुटल्यावर पोरं आइस्क्रीमच्या दुकानाकडे पळतात, बाबागाड्या ढकलत आईबाप चौकात येतात. अटलांटाच्या मध्यापासून पूर्वेला जेमतेम 10 किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे 12 चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या 2020 च्या जनगणनेनुसार 25 हजारांच्या आसपास. अमेरिकेच्या दक्षिणेत एवढ्या मोठ्या शहराला इतकं लगटून असलेलं चालण्याजोगं गाव सहजासहजी सापडत नाही. ते तसं का उरलं, हे समजून घेऊन तिथे गेलं तर दिवस सार्थकी लागतो.

एरवी आधी शहर वाढतं आणि मग त्याच्या कडेने उपनगरं वसतात. इथे क्रम उलटा आहे. ही जमीन मस्कोगी लोकांची होती. 1821 च्या तहाने ती त्यांच्या हातून गेली, 1822 मध्ये डिकॅब काउंटी झाली आणि 1823 मध्ये तिचं मुख्य ठाणं म्हणून डिकेटर वसलं. त्या वेळी अटलांटा नावाचं काही अस्तित्वातच नव्हतं. 1837 मध्ये रेल्वेमार्ग जिथे संपणार तिथे खूण रोवली गेली, त्या वस्तीला ‘टर्मिनस’ म्हणू लागले आणि तिचंच पुढे अटलांटा झालं. डिकेटरच्या लोकांनी धूर आणि गोंगाट नको म्हणून रेल्वेचं टोक आपल्या गावात येऊ दिलं नाही, असं तिथे आवडीने सांगतात. चढउतार पाहूनच अभियंत्यांनी जागा ठरवली असेल, असं मला वाटतं. काही असो, गावाला गावपण राहिलं. मधोमध उंचवट्यावर कोर्टाची इमारत, भोवती चौक आणि चौकातून फुटणारे रस्ते ही मोटारीच्या आधीची, माणसाच्या पावलांच्या मापाची मांडणी आजही शाबूत आहे.

मात्र अशी मांडणी असलेली दक्षिणेतली कितीतरी गावं ओस पडली. डिकेटर टिकण्यामागे मार्टाचा मोठा हात आहे. मार्टा म्हणजे अटलांटाची मेट्रो. ती उभारायची की नाही, हे काउंटीगणिक मतदानाने ठरलं. कॉब काउंटीने 1965 मध्ये नकार दिला. 1971 मध्ये ग्विनेट आणि क्लेटन यांनी विक्रीकर वाढवून द्यायचं नाकारलं. फुल्टन आणि डिकॅब यांनी होकार दिला. नकारामागे कराचं कारण होतं, आणि शहरातले काळे लोक आगगाडीत बसून आपल्या वस्तीत येतील ही भीतीही होती. अटलांटाच्या बहुतेक उपनगरांतल्या आजी-आजोबांना आज कुठेही जायचं तर मुलांच्या सवडीची वाट पाहावी लागते, त्याची मुळं त्या मतपेट्यांत आहेत.

डिकेटरचं स्टेशन 1979 मध्ये सुरू झालं आणि ते थेट मुख्य चौकाच्या पोटात आहे. बांधकामाच्या वर्षांत चौक खणून ठेवलेला, रस्ते बंद. अनेक दुकानांचं कंबरडं मोडलं. त्यानंतर 1982 मध्ये गावाने मध्यभागाचा आराखडा केला. चौकाभोवती दाट वस्ती, खाली दुकानं आणि वर घरं, रुंद पदपथ, आणि जुन्या घरांच्या गल्ल्यांना धक्का नाही, असं त्याचं सूत्र होतं. पुढची चाळीस वर्षं नगरसभेत माणसं बदलली, पण गावाने ते सूत्र सोडलं नाही. मला या गावाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या चिकाटीचा. शांत आणि सोयीचं गाव आपोआप घडत नाही. कंटाळवाण्या बैठकांमध्ये वर्षानुवर्षं बसणारी माणसं ते घडवतात.

तेव्हा जायचं तर गाडीने जाऊच नका. विमानतळावरून किंवा शहरातून येताना फाइव्ह पॉइंट्सला निळी लाइन धरायची. तिथून डिकेटर पंधरा-वीस मिनिटांवर. सरकत्या जिन्याने वर आलं की समोर चौकच. तिथलं जुनं ग्रॅनाइटचं कोर्ट 1898 चं. 1916 च्या आगीत जळलं आणि पुन्हा उभारलं गेलं. आता त्यात काउंटीच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय आहे. नातवंडं बरोबर असतील तर ‘लिटल शॉप ऑफ स्टोरीज’ हे बालपुस्तकांचं दुकान चुकवू नये. जवळच ‘एडीज अ‍ॅटिक’ नावाचं गाण्यांचं ठिकाण आहे. आज मोठं नाव असलेले कितीतरी गायक तिथे मूठभर श्रोत्यांपुढे गिटार घेऊन उभे राहिले.

भूक लागली की वेस्ट पॉन्स डि लीऑन रस्त्यावरचं ‘चाय पानी’ गाठायचं. ते काढलं मेहेरवान इराणी यांनी, आणि ते वाढले आपल्या अहमदनगरला. नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलला 2009 मध्ये त्यांनी पहिलं ‘चाय पानी’ उघडलं, डिकेटरचं 2013 मध्ये. अ‍ॅशव्हिलच्या उपाहारगृहाला 2022 मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला, तोही देशातलं उत्कृष्ट उपाहारगृह म्हणून. इथे वडापाव मिळतो, भेळ मिळते. पण खरी गर्दी भेंडीवर पडते. भेंडी उभी, काडीसारखी बारीक चिरून कडकडीत तळतात आणि वर मीठ नि लिंबू. बुळबुळीत म्हणून भेंडीला नाकं मुरडणारी पोरं ती मूठमूठ उचलून खातात. शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन कुटुंबाला पाव कसा दाबून धरायचा हे दाखवायची वेळ तुमच्यावर येऊ शकते, आणि ती मोठी आनंदाची वेळ असते.

पोट भरलं की पुन्हा जुन्या कोर्टापाशी यावं, कारण या चौकाची दुसरी गोष्ट तिथे आहे. 1906 मध्ये अटलांटात गोऱ्यांच्या जमावाने काळ्या लोकांचं हत्याकांड केलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1908 मध्ये, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकांच्या गौरवासाठी कोर्टासमोर दगडी स्तंभ उभा राहिला. न्याय मागायला येणाऱ्या काळ्या माणसाला आधी त्या स्तंभाच्या समोरून जावं लागे.

1960 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग याच गावातल्या न्यायाधीशापुढे उभे होते. आदल्याच वर्षी ते भारतात येऊन गेले होते आणि मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात त्यांनी मुक्काम केला होता. मे महिन्यात लिलियन स्मिथ या गोऱ्या लेखिकेला ते एमरी विद्यापीठाच्या रुग्णालयात सोडायला निघाले असताना पोलिसांनी गाडी अडवली. अलाबामाचं लायसन्स जॉर्जियाचं करून घेतलं नाही, एवढाच गुन्हा. न्यायाधीश ऑस्कर मिचेल यांनी 25 डॉलर दंड केला आणि वर्षभर चांगल्या वर्तणुकीची अट घातली. ऑक्टोबरमध्ये अटलांटातल्या एका मोठ्या दुकानात वर्णभेदाविरुद्ध सत्याग्रह करताना किंगना अटक झाली, तेव्हा अट मोडली म्हणून याच न्यायाधीशांनी त्यांना चार महिन्यांची सक्तमजुरी ठोठावली. रात्रीच्या अंधारात बेड्या घालून त्यांना दूरच्या रीड्सव्हिल तुरुंगात हलवलं. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडींनी किंग यांच्या पत्नी कोरेटा यांना फोन केला, त्यांचे भाऊ रॉबर्ट यांनी न्यायाधीशांना, किंग सुटले. दोन आठवड्यांच्या आत झालेली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक केनेडी अगदी निसटत्या फरकाने जिंकले, आणि त्यात काळ्या मतदारांचा वाटा मोठा होता.

याच ऑस्कर मिचेलना 1980 मध्ये न्यायाधीशपदाच्या निवडणुकीत क्लॅरेन्स सीलिगर यांनी हरवलं. अमेरिकेत अनेक ठिकाणी न्यायाधीशही मतदानाने निवडतात. सीलिगर यांनी न्यायदालनातला जुन्या दक्षिणेचा झेंडा काढून टाकला. चाळीस वर्षं गेली. बीकन हिल भागातल्या कार्यकर्त्यांनी आणि शाळकरी मुलांनी स्तंभ हटवण्याची मागणी लावून धरली, आणि जून 2020 मध्ये तो हटवण्याचा आदेश ज्यांनी दिला ते न्यायाधीश सीलिगरच होते. क्रेनने स्तंभ उतरवला तेव्हा रात्री उशिरा चौक माणसांनी भरला होता. त्याच जागी ऑगस्ट 2024 मध्ये जॉन लुईस यांचा 12 फुटी कांस्यपुतळा बसला. 1965 मध्ये नागरी हक्कांच्या मोर्चात सेल्माच्या पुलावर डोकं फुटेपर्यंत मार खाल्लेले आणि पुढे 33 वर्षं संसदेत बसलेले लुईस इथे दोन्ही हात छातीशी धरून उभे आहेत. शिल्पकार बॅसिल वॉटसन मूळचे जमैकाचे. मुलांना घेऊन गेलात तर पुतळ्याजवळ थोडं थांबा आणि किंगच्या लायसन्सची गोष्ट त्यांना सांगा. एवढ्याशा कागदासाठी माणसाला सक्तमजुरी होते हे ऐकल्यावर मुलं जे प्रश्न विचारतात, ते मोठ्यांना सुचत नाहीत.

चौकापासून पश्चिमेला पाचेक मिनिटांवर हे बीकन हिल आहे. वर्णभेदाच्या काळात गावातल्या काळ्या कुटुंबांना राहायला हाच भाग होता. त्यांनी तिथे चर्च, शाळा, दुकानं उभी केली. 1960 च्या दशकात ‘नागरी नूतनीकरणा’च्या नावाखाली त्यातलं बरंचसं पाडलं गेलं. जुन्या शाळेच्या इमारतीत आता नगरपालिकेची कार्यालयं आहेत. डिकेटरच्या शांततेचं कौतुक करताना तिची किंमत कोणी भरली, हे इथे आल्याशिवाय कळत नाही.

किंमत अजूनही भरावी लागते, पण आता ती डॉलरमध्ये. गावाच्या शाळा गावाच्या स्वतःच्या आहेत, काउंटीच्या नव्हेत, आणि त्या उत्तम आहेत. म्हणून हद्दीच्या आतलं घर आणि रस्त्यापलीकडचं तसंच घर यांच्या किमतीत मोठी तफावत पडते. मुलं शाळेत असेपर्यंत लोक राहतात, कर भरतात आणि मुलं कॉलेजला गेली की घर विकून जातात. येणारं नवं कुटुंब पुन्हा शाळकरी मुलांचं. म्हाताऱ्या माणसांनी गाव सोडू नये म्हणून ज्येष्ठ घरमालकांना शाळेच्या करात सवलत दिली गेली. 2023 मध्ये एका घराच्या जागी दोन ते चार छोटी घरं बांधायला परवानगी देणारा बदलही झाला. त्याने फार फरक पडेल अशी आशा मला नाही, तरी पाऊल योग्य दिशेने पडलंय.

उरलेल्या दिवसात मॅकडोनो, अ‍ॅडम्स आणि किंग्ज हायवे या रस्त्यांवरून फिरावं. लाकडी बंगले, पुढे खोल ओसरी, ओसरीवर झुलती बाकं आणि वर ओक वृक्षांचं छत. चौकाकडून तिकडे जाताना रेल्वेचं फाटक लागतं. कंटेनरवर कंटेनर रचलेली मालगाडी संपता संपत नाही आणि लहान मुलं डबे मोजायला लागतात. फाटकापलीकडे 1889 मध्ये स्थापन झालेलं मुलींचं अ‍ॅग्नेस स्कॉट कॉलेज आहे. तिथल्या वेधशाळेत 30 इंची जुनी दुर्बीण आहे. जायचं ते एप्रिलमध्ये, डॉगवूड आणि अझेलिया फुललेले असताना, नाहीतर ऑक्टोबरमध्ये. मार्चअखेरीस पाइनचे परागकण पिवळ्या पिठासारखे गाड्यांवर, ओसऱ्यांवर साचतात. दमा असलेल्यांनी ते दिवस टाळावेत. जुलै-ऑगस्टची दमट उकाड्याची दुपार मुंबईकरालाही नकोशी होईल.

एक खुलासा करायला हवा. ‘आम्ही डिकेटरला जाऊन आलो’ असं अटलांटातला मराठी माणूस म्हणतो, तेव्हा बहुधा तो चर्च स्ट्रीटवरच्या पटेल प्लाझातून भाजी आणि डाळी घेऊन आलेला असतो. पत्त्यात डिकेटर असलं तरी हा सगळा भाग गावाच्या हद्दीबाहेर, काउंटीत मोडतो. 1977 मध्ये सुरू झालेला ‘युअर डिकॅब फार्मर्स मार्केट’ही तसाच. तिथे मात्र आवर्जून जा, आणि शाल बरोबर घ्या, कारण आत शीतगृहासारखा गारठा असतो. छताला देशोदेशीचे झेंडे टांगलेले, खाली अळकुड्या, कच्ची केळी, ऊस, फणस आणि मसाल्यांचे डबे. फोटो काढायला मनाई आहे. काउंटरवरच्या प्रत्येकाच्या छातीवरच्या बिल्ल्यावर त्याला कोणकोणत्या भाषा येतात ते लिहिलेलं असतं: अम्हारिक, फ्रेंच, नेपाळी, बर्मी. यांच्यातले कितीतरी जण निर्वासित म्हणून या देशात आले आणि इथून काही मिनिटांवरच्या क्लार्कस्टनमध्ये राहतात. पुढच्या आठवड्यात आपण तिथेच जाणार आहोत.