कोबेचे वार्तापत्र : शेजाऱ्यांची कवायत

कोबे, जानेवारीअखेर

प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलांमुळे ज्या घरांची एकमेकांशी ओळख होते, तेवढ्याच घरांना संकटसमयी एकमेकांची हाक ऐकू येते, हे येथील नगरपालिकेच्या अंमलदारांनी अनुभवाने जाणले, आणि सुमारे १५ लाख वस्तीच्या या शहरात आपत्तिनिवारणाची वाटणी त्यांनी पोलीसचौक्यांच्या हद्दींवर न करता शाळांच्या हद्दींवर केली. असे १९० च्या आसपास विभाग आहेत. प्रत्येकास आपत्तिनिवारण व लोककल्याण मंडळ अशा अर्थाचे लांबलचक सरकारी नाव आहे, परंतु बोलताना सारे ‘बोकोमी’ एवढेच म्हणतात. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची एरवी विचारपूस करणारी माणसे आणि भूकंपाच्या दिवशी त्यांना बाहेर काढणारी माणसे एकच असावीत, ही या योजनेमागील कल्पना आहे.

ती ज्या दिवसाने शिकविली तो १७ जानेवारी १९९५ चा. पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी धरणी हलली आणि त्या आपत्तीत एकंदर ६,४३४ माणसे दगावली. त्यांतील बहुसंख्य जुन्या लाकडी घरांखाली चिरडून किंवा गुदमरून गेली. मातीत बसविलेल्या कौलांचा भार त्या घरांच्या माथ्यावर होता. आमच्या किल्लारीस सव्वा वर्ष आधी, तशाच पहाटेच्या वेळी, धाब्याच्या छपरांनी व दगडमातीच्या भिंतींनी जे केले तेच येथे कौलांनी केले. पाण्याचे नळ फुटले, रस्ते तुंबले, अग्निशामक दल पुरे पडेना; आणि जी माणसे वाचली त्यांतील फार मोठा भाग घरच्यांनी व शेजाऱ्यांनी, मोटारीच्या जॅकने, पहारीने, नुसत्या हातांनी उकरून काढलेला होता. समोरच्या आवाजी बेटावरील होकुदान गावात तर हौशी अग्निदलाच्या लोकांना कोण कोणत्या खोलीत निजतो हेही ठाऊक असल्यामुळे सुमारे ३०० माणसे त्याच दिवशी ढिगाऱ्यांतून निघाली. पुढील वर्षभरात देशभरातून १० लाखांहून अधिक स्वयंसेवक आले, आणि त्यांच्या सेवेचे जपानात आजही कौतुक होते. परंतु ते येऊन पोहोचेपर्यंत पहिला दिवस मावळला होता.

म्हणून आता शिकविले जाते ते शेजाऱ्यांना. रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणावर कवायत भरते. आरंभी भाषणे होतात, आणि ती जगात सर्वत्र सारखीच लांब असल्यामुळे त्यांविषयी लिहीत नाही. त्यानंतर एका जाड तुळईखाली माणसाच्या आकाराचा बाहुला ठेवतात आणि मंडळाच्या कोठीतून जॅक, पहार, करवत व लाकडी ठोकळे बाहेर येतात. तुळई बोटभर उचलली की लागलीच ठोकळा सरकवावयाचा, पुन्हा बोटभर, पुन्हा ठोकळा. कारण जॅक निसटला तर ज्यास सोडवावयाचे त्याच्याच छातीवर तो भार यावयाचा. अग्निशामक दलाचा शिक्षक शेजारी उभा असतो, पण हात लावीत नाही, “ठोकळा कोठे आहे?” एवढेच पुनःपुन्हा विचारतो. एका बाईंवर बाहुल्याशी सतत बोलत राहण्याची कामगिरी सोपविलेली असते, आणि ती त्या इतक्या मनोभावे पार पाडतात की पाहणाऱ्याचे हसू ओठावरच विरते. पलीकडे दोन बांबू व एक घोंगडी यांची डोली होते: घोंगडीच्या तिसऱ्या हिश्श्यावर एक बांबू, त्यावर घडी, त्या घडीवर दुसरा बांबू, आणि उरलेला भाग उलट घडीने वर, गाठ एकही नाही, निजलेल्याच्या वजनानेच कापड आवळून बसते. शेवटी जेवण असते ते शिजवून वाळविलेल्या तांदळाचे. उकळते पाणी ओतले तर पाव तासात, थंड पाणी असले तर तासाभरात त्याचा भात होतो. आपल्या पोह्यांचाच हा दूरचा भाऊबंद म्हणावयाचा.

या शेजारधर्माचा पूर्वेतिहास मात्र निष्कलंक नाही, हे नमूद करणे जरूर आहे. १९४० साली गृहखात्याने पाच-दहा घरांचे ‘तोनारीगुमी’ नावाचे गट सर्वत्र बांधले. शिधा त्यांच्यामार्फत मिळे आणि पाळतही त्यांच्यामार्फत राहत असे. बादल्यांच्या रांगांची कवायत तेव्हाही चाले. एवढेच नव्हे, तर १९४१ च्या दुरुस्त कायद्याने आग विझविण्याची नागरिकांवर सक्ती करण्याचा आणि शहर सोडण्यास मनाई करण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतला. १७ मार्च १९४५ रोजी याच कोबेवर आगलावे बॉम्ब पडले तेव्हा त्या बादल्यांचे काय झाले असेल ते सांगावयास नको. आजच्या कवायतीत साध्या पाण्याने भरलेले अग्निशामक नळकांडे हाती देताना शिक्षक प्रथम ‘आग! आग!’ असे ओरडावयास लावतो आणि मग बजावतो, ज्वाळा छतास भिडली की नळकांडे टाकून पळावे. माझ्या मते दोन राजवटींतील सारे अंतर या एका सूचनेत मोजता येते. कौशल्याची मर्यादा सांगितल्यावाचून ते शिकविणे म्हणजे माणसास मृत्यूच्या हवाली करणे होय.

आजची अडचण निराळी आहे. युद्धोत्तर काळात देशातील हौशी अग्निदलात सुमारे २० लाख लोक होते, आता ८ लाखही उरले नाहीत; आणि कवायतीस जमलेल्यांत पांढऱ्या केसांचेच आधिक्य दिसते. तरुण जोडपी यावीत म्हणून २००५ पासून येथे एक युक्ती चालते: मुलांनी जुनी खेळणी आणावी, डोली वाहून, बेडकाच्या चित्रावर पाणी मारून गुण मिळवावे, आणि त्या गुणांवर लिलावात दुसऱ्याचे खेळणे घ्यावे. मुलांमागून आईबापांना यावेच लागते. त्यांतील कितीजण पुढे सभासद होतात, असे एका वयोवृद्ध कार्यवाहांस विचारले, तेव्हा ते म्हणाले की थोडेच. पण जॅक कोठे लावावा आणि कोठीची किल्ली कोणाकडे असते, एवढे त्यांना कळले तरी आपले काम भागते. किल्ली पूर्वी एकाच घरी ठेवण्याचा शिरस्ता होता. आता ती तीन गल्ल्यांतील तीन घरी असते, कारण नेमके किल्लीचे घरच पडले तर काय करावयाचे, हा प्रश्न त्यांनी सभेपुढे मांडला होता.