सायप्रिनस : ओळख, गळ आणि दक्षता

देशातील जलाशयांत व शेततळ्यांत सर्रास आढळणारा कॉमन कार्प, म्हणजेच मच्छीमारांचा ‘सायप्रिनस’, मूळचा भारतीय नाही. १९३९ मध्ये तो नीलगिरीत आणण्यात आला. रोहूशी त्याची अनेकदा गल्लत होते. त्याच्या खुणा दोन : तोंडाजवळील मिशांच्या दोन ठळक जोड्या आणि पाठीवरील लांब पर. या पराच्या आरंभी करवतीसारखे दाते असलेला कठीण काटा असतो. रोहूचा पर आखूड असून त्यास असा काटा नसतो.

सायप्रिनस तळाचा गाळ उकरून कायरोनोमिड कीटकांच्या लाल अळ्या व कृमी खातो. त्यामुळे आमिष तळाशीच टेकलेले असावे. गांडूळ, कणकेचा गोळा किंवा उकडलेला मका उपयुक्त ठरतो. सकाळी वा सायंकाळी जेथे पाणी गढुळून बुडबुडे उठतात, तेथे गळ टाकावा. हा मासा आमिष चोखून पाहतो व संशय येताच थुंकतो. म्हणून बूच थरथरताच हिसका न देता, ते सरकू लागेपर्यंत थांबावे.

रोहू, कटला व मृगळ यांना प्रजननासाठी पावसाळी वाहते पाणी लागते. सायप्रिनस मात्र साचलेल्या पाण्यातही अंडी घालतो. ती चिकट अंडी पाणवनस्पतींना बिलगतात. काश्मीरच्या सरोवरांत त्याच्या प्रसारानंतर स्थानिक स्नो ट्राउट मासे घटले. यास्तव गळाला लागलेला सायप्रिनस जिवंत स्थितीत नदी-ओढ्यात सोडू नये आणि शेततळ्याच्या सांडव्यास बारीक जाळी अवश्य बसवावी.