कोळ्याचा झोका, मारुतीची झेप

हैदराबादच्या विद्यानगर स्टेशनातून सिकंदराबादकडे निघालेली लोकल पुढे जामे उस्मानिया आणि आर्ट्स कॉलेज ही स्टेशनं घेते. उस्मानिया विद्यापीठाला लागून असलेला हा सगळा पट्टा विद्यार्थ्यांचा: भाड्याच्या खोल्या, मेस, झेरॉक्सची दुकानं. २००० नंतरच्या दशकात शहरातल्या अशा वस्त्यांमध्ये तासावर पैसे घेणारे सायबर कॅफे आणि गेम पार्लर आले. त्या काळात वाढलेल्या मुलांना आज आवडत्या सुपरहीरो गेमबद्दल विचारलं, की एक नाव हमखास निघतं. ‘स्पायडर-मॅन २’.

२००४ च्या उन्हाळ्यात, त्याच नावाच्या चित्रपटाबरोबर हा गेम बाजारात आला. ट्रेआर्क या अमेरिकी स्टुडिओने तो बनवला आणि अ‍ॅक्टिव्हिजनने प्रकाशित केला. चित्रपटावर बेतलेले गेम बहुधा घाईत उरकलेले असतात. हा मात्र आजही आठवतो, आणि त्याचं कारण कथेत नाही, झोक्यात आहे.

आधीच्या, २००२ च्या गेममध्ये स्पायडर-मॅनने सोडलेला दोर वर आभाळात कुठेतरी अडकायचा. खाली शहर होतं, पण त्याचा झोक्याशी संबंध नव्हता. जेमी फ्रिस्ट्रम या डिझायनरने हे बदलायचं मनावर घेतलं. ‘स्पायडर-मॅन २’मध्ये दोर खऱ्या इमारतीला चिकटतो, जवळ इमारत नसेल तर झोका मिळत नाही. दोर कुठे लागला, किती लांब आहे आणि खेळणाऱ्याने तो नेमका केव्हा सोडला, यावर पुढचा वेग ठरतो. झोपाळ्यावर उंच जाण्यासाठी कोणत्या क्षणी अंग झोकून द्यायचं हे मुलाला शिकवावं लागत नाही, अंगवळणी पडतं. इथेही तसंच होतं. पहिला तास भिंतींवर आपटण्यात जातो. त्यानंतर मॅनहॅटनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमिनीला पाय न लावता जाता येतं, आणि मुख्य कथा बाजूला ठेवून लोक नुसते तेवढंच करत बसायचे.

बारीकसारीक कामंही लक्षात राहण्यासारखी होती. पीटर पार्कर पिझ्झा पोचवणारा. घड्याळ धावत असताना मागे ‘फुनिकुली फुनिकुला’ ही १८८० सालची इटालियन चाल वाजायची. एखाद्या पोराच्या हातून फुगा निसटलेला असायचा, तो आभाळात नाहीसा होण्याआधी पकडून आणायचा. जग वाचवणाऱ्या नायकाला फुग्याच्या मागे धावायला लावणं, ही त्या गेमची सर्वांत सुंदर कल्पना.

हे सगळं कन्सोलवर. कॉम्प्युटरसाठीचा गेम फिझ फॅक्टर या दुसऱ्याच स्टुडिओने, लहान मुलांना सोपा जावा म्हणून वेगळा बनवला होता. त्यात दोर ठरावीक खुणांनाच लागायचा. ज्याने प्लेस्टेशन २ वर खेळून पाहिलं आणि ज्याने फक्त कॅफेतल्या कॉम्प्युटरवर, त्या दोघांच्या आठवणी म्हणूनच जुळत नाहीत. नाव एकच, गेम दोन.

त्याच प्लेस्टेशन २ वर पुढे हैदराबादने आपला नायक उतरवला. २००५ मध्ये व्ही. जी. सामंत यांच्या ‘हनुमान’ या ॲनिमेशनपटाने बाल हनुमानाला मुलांचा लाडका केलं होतं. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने तयार केलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ सोनीने भारतात आणला. संपूर्णपणे भारतात बनलेला पहिला कन्सोल गेम म्हणून त्याची ओळख आहे. त्याच वर्षी हैदराबादच्याच गेमशास्त्रचा ‘देसी अड्डा’ही आला, त्यात विटीदांडू, कबड्डी आणि पतंग होते.

समीक्षकांनी ‘हनुमान’च्या गेमला फारसं नावाजलं नाही. चित्रं जुनाट वाटत होती, हालचालीत ‘स्पायडर-मॅन २’चा सहजपणा नव्हता. पण काम किती अवघड होतं तेही पाहायला हवं. प्लेस्टेशन २ ची मुख्य मेमरी अवघी ३२ मेगाबाइट. उंच उडणारा नायक असला की एका नजरेत पुष्कळ जग दिसतं, आणि त्यातलं काय आत्ता मेमरीत ठेवायचं, काय डिस्कवरून ऐनवेळी आणायचं याचा हिशेब सतत चालू ठेवावा लागतो. ट्रेआर्ककडे या कामाचा अनेक वर्षांचा सराव होता. इथल्या मंडळींना कन्सोलची वाट दाखवणारं देशात कोणी नव्हतं. सूर्याला फळ समजून झेप घेणाऱ्या बालकाचा गेम पहिल्याच प्रयत्नात करायला घेणं, हे धाडस मोलाचंच.

वाद दुसऱ्याच कारणाने झाला. अमेरिकेतल्या नेवाडाचे हिंदू धर्मनेते राजन झेड यांनी गेम मागे घेण्याची मागणी केली. पूजनीय देवतेला जॉयस्टिकच्या हुकमतीत आणणं हा अवमान, असं त्यांचं म्हणणं. ज्या शहरात हनुमान जयंतीला गौलीगुड्याच्या राममंदिरापासून ताडबंदच्या हनुमान मंदिरापर्यंत मिरवणूक निघते, तिथे ही भावना समजण्याजोगी आहे. तरी मराठी मुलाला मारुती देव्हाऱ्याइतकाच तालमीत भेटतो. जत्रेतली प्लॅस्टिकची गदा खांद्यावर टाकून तो स्वतःच मारुती होतो, आणि त्यात कुणाला अवमान दिसत नाही. गेममधलं मारुती होणं त्याच जातीचं.

या पेचातून एक वाट पुढे पुण्यात निघाली. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शियंट एपिक’ २०२० मध्ये आला. त्यात खेळणाऱ्याच्या हाती देव नाही, राजी नावाची डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी मुलगी आहे. असुरांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधायला ती निघते. त्रिशूळ तिला दुर्गेकडून मिळतो. दुर्गा आणि विष्णू वरून तिचं धाडस पाहतात, आपसात बोलतात, कथा सांगतात. पटकथेचे टप्पे सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळातून उलगडतात. त्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी ‘राजी’ला नामांकन मिळालं. आणि हातात कंट्रोलर घेतल्यावर पहिली जाणवते ती राजीची चाल: भिंतीवरून धावणं, खांबाला गिरकी घेऊन असुरावर तुटून पडणं.